अख्खा डोंगर

द्रोणागिरीला बिऱ्हाड हलवलं तेव्हा आमच्या निम्म्या नातलगांना मी हिमालयात गेलो असंच वाटलं. एका मावशींनी तर लोकरीची टोपी पाठवली. त्यांना किती वेळा सांगितलं, की आमचं द्रोणागिरी उरण तालुक्यातलं. एके काळी इथे भातशेती होती, मिठागरं होती. आता सिडकोनं वसवलेल्या इमारती आहेत आणि न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांची रांग आहे. गॅलरीतून समुद्र दिसेल, अशी ग्वाही घर घेताना मिळाली होती. दिसतात ते कंटेनर. पण माणूस कशालाही सरावतो. संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन कंटेनर मोजण्यात मला हल्ली एक प्रकारचं समाधान वाटू लागलं आहे.

अशाच एका संध्याकाळी माझ्या शेजारी आमच्या सौभाग्यवतींचे थोरले बंधू अण्णा उभे होते. साल २०२३, महिना डिसेंबर. ८ तारखेला केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती आणि बंदराच्या वाटेवरचा कांदा वाटेतच अडकला होता. अण्णांची शेती निफाड तालुक्यात. त्यांचा कांदा त्या पेट्यांत नव्हता, तो अजून चाळीशेजारी पडून होता. पण पेट्या अडल्या आणि तिकडे बाजार समितीत भाव कोसळला.

"दाजी, दार इथं लागलं," कंटेनरांकडे बघत अण्णा म्हणाले, "पण बोट आमचं चेमटलं."

आतून भाजी चिरता चिरता सौभाग्यवती म्हणाल्या, "पण अण्णा, आता जरा स्वस्त होईल ना रे?"

अण्णा काही बोलले नाहीत. बहीण विकत घेणारी आणि भाऊ पिकवणारा. एकाच ताटात जेवणाऱ्या दोघांचं हित असं समोरासमोर उभं राहिलेलं मी प्रथमच पाहिलं.

जेवताना अण्णांनी विचारलं, "नाफेड आमचीच ना? मग ती आमच्या बाजूनं का बोलत नाही?"

वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारणं म्हणजे गवयाला तंबोरा देणं! मी सुरू झालो. नाफेड स्थापन झाली १९५८ च्या गांधीजयंतीला, शेतमालाच्या सहकारी विक्रीसाठी. १९७४ पासून कित्येक वर्षं परदेशी जाणारा कांदा तिच्याच हातून जाई. आता ती केंद्र सरकारच्या मूल्य स्थिरीकरण निधीतून कांदा विकत घेऊन साठवते आणि शहरात भाव चढले की बाहेर काढते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारनं निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, तेव्हा क्विंटलला २,४१० रुपयांनी कांदा घ्यायला हीच संस्था पुढे झाली.

"म्हणजे मालक आम्ही, आणि हुकूम सरकारचा," अण्णा म्हणाले. "बरं, तिथल्या मंडळावर आमचं कोण?"

मी तेही समजावलं. बहुराज्य सहकारी संस्थांच्या कायद्यानं संचालक २१ पेक्षा जास्त नसावेत. स्वीकृत संचालक वेगळे. २०२३ च्या दुरुस्तीनं त्यांत अनुसूचित जाती-जमातींसाठी एक आणि स्त्रियांसाठी दोन जागा राखल्या, निवडणुका घ्यायला स्वतंत्र प्राधिकरण नेमायचं ठरवलं. पण अण्णांचं मत थेट दिल्लीला जात नाही. नाफेडच्या सभासद मुख्यतः संस्था. ढोबळमानानं सांगायचं तर शेतकरी गावच्या सोसायटीत, सोसायटीचा प्रतिनिधी तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात, तिथून राज्याच्या पणन महासंघात आणि मग दिल्ली. प्रत्येक पायरीवर आपल्या वतीनं दुसराच कोणीतरी हात वर करतो.

"म्हणजे पहिली पायरी आमच्या गावातच," अण्णा हळूच म्हणाले. "मागच्या खेपेला मतदान होतं, त्या दिवशी मी रोपं लावत होतो."

मला जोर चढला. सभासदांनी जागं राहिलं पाहिजे, हे पटवायला मी जुनं उदाहरण काढलं. २००३ नंतरच्या काही वर्षांत नाफेडनं खासगी व्यापाऱ्यांशी शेतीबाहेरचे व्यवहार केले, त्यांत पैसे अडकले आणि बँकांच्या देण्यातून मोकळं व्हायला तिला पुढं बरीच वर्षं लागली. "हिशेब वेळेवर विचारला असता तर?" मी ताटावर बोट आपटून म्हणालो.

"खरं आहे," अण्णा म्हणाले. "दाजी, तुमचीही सहकारी गृहनिर्माण संस्था ना? कमिटीवर कोण कोण आहे?"

मी आठवू लागलो. अध्यक्ष आठवले, कारण त्यांची मोटार माझ्या जागेत उभी असते. सेक्रेटरी आठवले. पुढं गाडी थांबली. सौभाग्यवती पदराआड हसल्या. "यांना सभासद करून घ्यायला दोनदा माणसं आली होती. हे आत झोपले होते!"

त्या रात्री मला मारुतीराय आठवले. द्रोणागिरीत राहून ते न आठवतील तरच नवल. त्यांना संजीवनी ओळखता आली नाही, म्हणून त्यांनी अख्खा डोंगर उचलून आणला. आपणही निवडणुकीत तेच करतो. माणसं पारखायचा कंटाळा, म्हणून अख्खं पॅनेल उचलतो. फरक एवढाच, की मारुतीरायांनी डोंगर सुषेण वैद्यापुढे नेऊन ठेवला आणि त्यानं औषध निवडून काढलं. आपण डोंगर टेकवतो आणि घरी जाऊन झोपतो. निवडणारा वैद्य आपणच असतो, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

त्यानंतर मे २०२४ मध्ये बंदी उठली. उरलेलं निर्यातशुल्कही १ एप्रिल २०२५ पासून गेलं. पण अण्णांचा त्या डिसेंबरातला कांदा त्यासाठी थांबला नव्हता. तो मिळेल त्या भावानं कधीच गेला होता.

मी मात्र त्यानंतरच्या वार्षिक सभेला गेलो. हिशेबाचा कागद घरूनच वाचून नेला होता. पाण्याच्या टँकरवरचा खर्च एका वर्षात एवढा कसा वाढला, एवढंच विचारलं. सभेत क्षणभर शांतता पसरली. सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणाले, "पावत्या दाखवतो की! पण आजवर कुणी मागितल्या नव्हत्या हो." पावत्या आल्या. हिशेब बरोबर होता. तरी परत येताना मला फार बरं वाटलं.

रात्री ही शौर्यकथा अण्णांना फोनवर सांगितली. ते हसले. "मीही यंदा आमच्या सोसायटीच्या सभेला गेलो होतो, दाजी. अहवाल मागितला. तर सचिव म्हणतो कसा, अण्णा, तब्येत बरी आहे ना?"