न पाहिलेली फिरकी

बाळू पालवणकरांची गोलंदाजी पाहिलेलं माणूस आता कुणी उरलेलं नसणार. १९२०च्या आसपास त्यांनी खेळणं सोडलं, १९५५ला ते गेले. तरी चिपळुणात भातकापणी उरकली, खाचरात पोरांनी तीन काठ्या रोवल्या आणि एखादा डावखुरा हळू टाकू लागला, की मला त्यांचीच आठवण येते. चेंडू धसकटावर पडून भलतीकडे वळतो, फलंदाज बावचळतो. बाळूंचा जन्म धारवाडचा. पण आडनावात पालवण, आणि आमच्या तालुक्यात पालवण नावाचं गाव आहे. तेवढ्या धाग्यावर मी त्यांना आमचे म्हणतो.

पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते मैदान राखायला होते, महिना चार रुपयांवर. ग्रेग नावाचा साहेब सरावाला त्यांच्याकडून गोलंदाजी करून घेई आणि आऊट केलं की आठ आणे देई, असं सांगतात. मला हा हिशेब फार आवडतो. साहेबाला आठ वेळा काढला, की महिन्याचा पगार सुटला!

मग हिंदूंच्या संघानं त्यांना घेतलं. मैदानात चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरे. चहाला मात्र जातीनं चांभार असलेले बाळू पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदूंचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलना, १९२३ साली.

ते मातीचं भांडं सगळ्यांना ठाऊक असतं. असायलाच हवं. पण त्याच्याआड चेंडू दिसेनासा झाला, ही माझी तक्रार आहे. अपमान करणाऱ्यांनी तर निदान त्यांची फिरकी पाहिली होती! तो चेंडू हवेत किती रेंगाळायचा? ११४मधले किती जण पुढे येऊन फसले, किती मागे राहून? २०२१च्या पुरात आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं, तेव्हा मला उगाच वाटून गेलं, कुणा जुन्या प्रेक्षकाचे चार शब्द तर त्यात भिजले नसतील?

१९३७ साली बाळूंनी मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणूक लढवली आणि ते हरले. त्यावर तावातावानं भांडायला आजही माणसं मिळतात. ग्रेगला ते कुठल्या चेंडूवर काढायचे, यावर भांडायला मला कुणी मिळत नाही.