फितीवरची तारीख : एका कॅसेटीचे डिजिटायझेशन (थ्रेड)

१/ मे १९९३. लातूर जिल्ह्यात किल्लारीजवळच्या एका गावात लग्नाचा मांडव पडला होता. भाड्याच्या कॅमेऱ्याने तासाभराची व्हीएचएस कॅसेट भरली. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती.

२/ त्या नवरीची मुलगी आज पुण्यात राहते. तिने आजीला कधी पाहिले नाही. आजी त्या पहाटेच गेली. आजीचा आवाज आणि आईचे माहेर, दोन्ही आता त्या एका कॅसेटीतच उरले आहेत.

३/ पहिली डिजिटल प्रत एका दुकानातून करून घेतली होती. चित्र स्वच्छ आणि टीव्हीच्या रुंद पडद्यावर काठोकाठ बसणारे. आई मात्र पाहता पाहता थांबली. “खाली कोपऱ्यात तारीख होती गं. मी स्वतः पाहिली आहे.”

४/ तारीख खरोखरच कापली गेली होती. जुने चित्र ४:३ प्रमाणाचे असते. ते १६:९ पडद्यावर पसरवण्यासाठी वरून आणि खालून मिळून उंचीचा चौथा भाग छाटावा लागतो. शिवाय ‘दाणे’ घालवणाऱ्या फिल्टरने मांडवामागची भिंत गुळगुळीत करून टाकली होती. आईच्या आठवणीत त्या भिंतीला तडा होता.

५/ हा हट्ट केवळ भावनेचा नव्हता. किल्लारी परिसरात १९९२ च्या पावसाळ्यापासूनच लहान धक्के जाणवत होते. त्यांतला एक ठळक धक्का १८ ऑक्टोबर १९९२ चा. तड्याची भिंत आणि तारीख एकाच चौकटीत असणे म्हणजे उद्ध्वस्त झालेल्या गावाविषयीचा पुरावाच. मुलीने कॅसेट पुन्हा बाहेर काढली.

६/ मोडी कागदाचे लिप्यंतर करणारा जाणकार फाटलेली जागा फाटलेली म्हणूनच दाखवतो. अर्थ लावण्याचे काम नंतरचे. फितीलाही तोच नियम लागू होतो. उतरवून घेताना काहीही ‘सुधारायचे’ नाही. जे त्या क्षणी टाकून दिले, ते प्रतीतून परत मिळत नाही. आणि फीत प्रत्येक वेळी वाजवताना थोडी झिजतेच.

७/ सेटिंग पहिले : चौकट. भारतात पाल पद्धत होती. एकूण ६२५ रेषा, त्यांपैकी चित्राच्या ५७६; सेकंदाला २५ चित्रे, आणि प्रत्येक चित्र सम-विषम रेषांच्या दोन अर्धचित्रांचे. म्हणजे सेकंदाला हालचालीचे ५० क्षण. म्हणून ७२० × ५७६, इंटरलेस्ड, प्रमाण ४:३. एक अर्धचित्र फेकून दिले तर निम्मे क्षण गेले. १०८० रेषांपर्यंत ताणल्याने नवा तपशील येत नाही.

८/ दुसरे : वाट. आधी बुरशी तपासली, व्हीसीआरचे हेड पुसले आणि बिनमहत्त्वाची कॅसेट लावून पाहिली. पिवळ्या पिनऐवजी एस-व्हिडिओची तार घेतली, कारण तिच्यातून उजेड आणि रंग वेगवेगळे येतात. जुन्या फितीवर रेषांचा ताल चुकतो आणि सरळ कडा थरथरतात. तो ताल टाइम बेस करेक्टर सावरतो. हे काम उतरवतानाच करावे लागते, नंतर नीट साधत नाही.

९/ तिसरे : उजेड. पांढरे धोतर कमाल मर्यादेच्या वर गेले की त्याच्या चुण्या कायमच्या पुसल्या जातात. सावलीतला तडा काळ्यात बुडाला तर तोही गेला. म्हणून आलेख पाहून पातळी आधीच थोडी खाली घेतली. फिल्टर सगळे बंद.

१०/ चौथे : साठवण. ४:२:२ रंगाचे आठ बिटांचे असंक्षेपित चित्र सेकंदाला सुमारे २०.७ मेगाबाइट, तासाला जवळपास ७५ गिगाबाइट जागा घेते. एफएफव्ही१ ही पद्धत एकही बिंदू न गमावता ती बरीच कमी करते. ध्वनी ४८ किलोहर्ट्झ, असंक्षेपित. ही मूळ प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवली. घरच्या ग्रुपसाठीची हलकी प्रत तिच्यावरून नंतर बनवली. त्या प्रतीवर हवे ते फिल्टर लावता येतात.

११/ नवी प्रत दाणेदार आहे. तळाशी व्हीसीआरच्या हेडची वाकडी पट्टीही दिसते. पण कोपऱ्यात मे १९९३ ची तारीख आहे आणि मांडवामागे तडा आहे. तो १९९२ च्या धक्क्यांनी पडला की आधीचाच होता, हे फीत सांगत नाही. तिच्यावरून एवढेच म्हणता येते की भूकंपाआधी चार महिने ती भिंत अशी होती.

१२/ आणखी एक गोष्ट हाती लागली. दुकानाच्या प्रतीत फितीच्या खरखरीबरोबर एक बारीक आवाजही पुसला गेला होता. मुलीने तो आईला ऐकवला. चौकटीबाहेरून एक बाई पोरांना दटावते आहे : “भितीला टेकू नका रे, माती पडायली.”

आईने ते तीनदा ऐकले. मग म्हणाली, “हीच तुझी आजी.”