दाव्याला हिसका

म्हसावदच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे, आणि त्याच्या पोटात काय चाललंय हे आपल्याला एरवी आठवतही नाही. १४ मार्च १९३८ ला याच रांगेखाली, बऱ्याच खोलवर, सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. अजूनही मधूनच बातमी येते : तापीकाठच्या सावळद्याच्या केंद्रात धक्क्याची नोंद. मग ओट्यावर हटकून कुणीतरी म्हणतं, तरीच रात्री म्हैस दाव्याला हिसके देत होती.

मला ते खोटं वाटत नाही. भूकंपाची पहिली लाट सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावते. ती हलकी, माणसाला बहुधा कळतच नाही. घरं पाडणारी लाट तिच्या मागून येते, निम्म्याहून थोड्या जास्त वेगानं. चाळीस किलोमीटरवर दोघींत चार-पाच सेकंदांचं अंतर पडतं. चारही खूर मातीत रोवून उभ्या जनावराला ती पहिली थरथर आधी कळली, तर नवल कसलं?

पण तासन् तास आधी? १९७५ च्या फेब्रुवारीत चीनमधल्या हायचंगला ऐन थंडीत साप बिळांबाहेर आले, असं सांगतात. शहर बरंचसं रिकामं झालं, माणसं वाचली. मात्र तिथं मोठ्या धक्क्याआधी लहान धक्क्यांची रांगच लागली होती. पुढच्याच वर्षी तांगशानला असा इशारा कुणी दिला नाही. दोन लाखांहून जास्त माणसं गेली. इटलीत शास्त्रज्ञांनी गाई, मेंढ्या, कुत्र्यांच्या गळ्यात हालचाल मोजणारे पट्टे बांधले. काही तास आधीची अस्वस्थता दिसली म्हणतात. शंका घेणारेही पुष्कळ आहेत. शंका रास्तच. म्हैस गोमाशीनं हिसकते, बिबट्याच्या वासानं हिसकते, आणि त्या रात्री कुणी लक्षात ठेवत नाही. धक्का बसला की मागची एकच रात्र उजळते.

शिवाय हिसका देऊन ती जाणार कुठं? दावं आपणच बांधलेलं.

किल्लारीला तर जमीनच वर्षभर आधी बोलली होती. १९९२ मध्ये तिथं धक्क्यांमागून धक्के बसले, लोक भ्याले, मग सवय झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून झोपलेल्या गावांवर जाड दगडमातीच्या भिंती कोसळल्या. हजारो माणसं गेली ती त्या भिंतींखाली. तेव्हा गोठ्याकडे कान जरूर द्या, पण आधी घराची भिंत तपासून घ्या.