आधी कोणते काम?

आमच्या मच्छे परिसरातील शेतकरी रोहिणी नक्षत्रात भाताची धूळवाफ पेरणी उरकतो. घरात लग्नाची धांदल असली तरी पाऊस कोणासाठी खोळंबत नाही, हे तो जाणतो. हाच विवेक चारचौघांच्या कारभारात आणणे मात्र अवघड. कर्नाटकातील सरकारी शाळांना २००१ पासून पालकांची शाळा सुधारणा समिती लाभली आहे. यंदा मे महिन्यात आमच्या समितीपुढे तीन कामे होती : प्रवेशद्वाराची कमान, गळके छप्पर आणि मुलींचे मोडकळीस आलेले स्वच्छतागृह. पैसा एकाच कामापुरता. आणि कमानीचा आग्रह मोठ्या आवाजातला. तेव्हा प्रत्येकाने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे, असे मी सुचविले : हे काम वर्षभर राहिले तर नुकसान कोणाचे?

कारखान्यातली पाळी संपवून आलेली एक माता हळूच म्हणाली, "छप्पर गळलं तर पोरी बाक सरकवून बसतील, सर, पण ही सोय नसली तर त्या शाळेलाच यायच्या नाहीत."

सभा क्षणभर स्तब्ध झाली. पुढे कमानीचा आग्रह धरणाऱ्यांनीच विटा-वाळू आणण्याचे अंगावर घेतले. ठराव बहुमताने होतात. कामांचा खरा क्रम मात्र, ज्याला बोलायचा संकोच वाटतो त्याचे ऐकल्यावरच लागतो.