मामा श्रीलंकेला जाऊन आलेत

माझे मामा श्रीलंकेला जाऊन आलेत. लहानपणी याचं मला फार अप्रूप होतं, कारण अख्ख्या गावात परदेश पाहिलेले तेवढेच. तेही पासपोर्ट न काढता. समुद्र कसा होता असं आम्ही विचारायचो आणि ते ‘होता बरा’ म्हणून विषय बदलायचे. पुढे कळलं की ते शांतिसेनेत होते. पण नावातच शांती असल्यामुळे मला वाटायचं, तांदळाची पोती वाटायला गेले असतील.

अमेरिका काबूलमधून कशी पळाली यावर आपण सगळे तासन्‌तास बोलू शकतो. आपण स्वतः असंच एकदा जाऊन परत आलोय, हे माझ्या वयाच्या कितीजणांना माहीत आहे?

२९ जुलै १९८७ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. भारतीय फौज जाणार, तमिळ बंडखोर शस्त्रं खाली ठेवणार, तमिळ भागाला काही अधिकार मिळणार. गंमत अशी की ज्यांनी शस्त्रं ठेवायची त्या एलटीटीईची करारावर सहीच नव्हती. सिंहली लोकांनाही तो नको होता. दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता हाणला. म्हणजे आपण अशा घरात शिरलो, जिथे भांडणारे दोघंही आपल्यावर नाराज. आणि यातल्या एका बाजूच्या पोरांना काही वर्षांपूर्वी आपणच आपल्या देशात आणून लढायला शिकवलं होतं.

तरी सुरुवातीला जाफन्यात लोकांनी आपल्या जवानांना हार घातले. मग सप्टेंबरमध्ये एलटीटीईचा तिलीपन नल्लूरच्या मंदिरापाशी उपोषणाला बसला, पाण्याचा थेंबही न घेता. बाराव्या दिवशी तो गेला. गांधींच्या देशाविरुद्ध गांधींचंच हत्यार. मला वाटतं, आपण लोकांना तिथेच गमावलं, पहिली गोळी सुटायच्या आधी.

ऑक्टोबरात लढाई पेटली. जाफना विद्यापीठाच्या मैदानात रात्री हेलिकॉप्टरने उतरलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जवानांपैकी २९ मारले गेले, एक पकडला गेला. २१ ऑक्टोबरला, तिथल्या दिवाळीच्या दिवशी, जाफन्याच्या हॉस्पिटलात आपल्या फौजेच्या गोळीबारात डॉक्टर, नर्स, रुग्ण धरून साठच्या वर माणसं गेली. आतून आमच्यावर गोळ्या आल्या, असं फौजेचं म्हणणं होतं. वाचलेल्या कर्मचाऱ्यांनी सांगितलेलं वेगळं आहे. मी हे मामांना विचारलं. ‘मी तिथं नव्हतो,’ एवढंच म्हणाले. ते वावुनियाच्या बाजूला होते. मी पुढे विचारलं नाही.

वावुनियाबद्दल मात्र एकदा बोलले. ‘रस्ता विचारायचा कुणाला? भाषा येईना. दुभाष्या मिळाला तर तो खरं सांगतोय का ते कळंना. सकाळी ज्या पोराकडनं शहाळं घेतलं, तेच संध्याकाळी सुरुंग पेरत असंल, नसंल. वर्दी कुठं होती त्यांना?’ मी वाचलेल्या सगळ्या विश्लेषणांपेक्षा मला हे जास्त पटतं. रणगाडे, हेलिकॉप्टरं, ऐन भरात सत्तर-ऐंशी हजार माणसं, आणि माहिती शून्य. माहिती गावकरी देतात. गावकऱ्याला पक्कं ठाऊक असतं की हे एक दिवस घरी जाणार आणि ते इथेच राहणार. मग तो कोणाला दुखावेल?

आणि ज्या सरकारसाठी आपण लढत होतो, ते तरी आपलं होतं का? १९८९ मध्ये नवे अध्यक्ष प्रेमदासा आले. त्यांना आपली फौज नको होती. इतकी नको होती, की त्यांनी गुपचूप एलटीटीईलाच शस्त्रं पुरवली. मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. जवळपास १,२०० जवान परतलेच नाहीत. त्यात ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन होते, आपल्या मुंबईत जन्मलेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पुढच्याच वर्षी, २१ मे १९९१ला, एलटीटीईने राजीव गांधींना मारलं. १९९३ मध्ये प्रेमदासांनाही.

एलटीटीई हरूच शकत नव्हती असं नाही. २००९ मध्ये श्रीलंकेच्या फौजेने ती संपवली, हजारो सामान्य तमिळांचा जीव घेऊन. त्याला विजय म्हणताना माझी जीभ अडखळते. पण ती फौज तिथलीच होती, तिला परतीची बोट पकडायची नव्हती. फ्रेंचांनी २०१३मध्ये मालीत टिंबक्टू काही आठवड्यांत सोडवलं. २०२२मध्ये त्यांचा शेवटचा सैनिक निघाला, तेव्हा त्यांना बोलावणारं सरकार कधीच गेलं होतं आणि जिहादी देशभर पसरले होते.

कोलंबोजवळ कोट्टे इथे आता शांतिसेनेचं स्मारक आहे. काळ्या दगडावर नावं कोरलेली. मी मामांना मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. अक्षरं फाटली. ‘जरा मोठा फोटो मिळतो का बघ,’ म्हणाले. कोणाचं नाव शोधताय ते सांगितलं नाही.