खालून वर

माळेगावच्या माळावर घोडे उतरतात तेव्हा त्यांच्या अंगावर दोन-तीन जिल्ह्यांची धूळ असते. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तिथं न विकलेली आणि तिथंच नव्यानं घेतलेली कितीतरी जनावरं मग ट्रकांत चढतात आणि मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात लोहा तालुक्यात, खंडोबाच्या पायाशी येऊन उभी राहतात. नांदेडहून लातूरला जाताना एरवी एसटीतल्या माणसाच्या लक्षातही न राहणारं हे गाव त्या दिवसांत भंडाऱ्यानं पिवळं होतं. गाढवं, उंट, लाल कंधारी वळू, कुस्त्यांचे फड, लावणीचे तंबू, असं सगळं एका माळावर. मी मात्र सकाळी लवकर घोड्यांकडे जातो, घोडा घ्यायला नव्हे. माझी ऐपत नाही आणि अंगणही नाही. मी घोडे विंचरताना बघायला जातो.

ऊन चढलं की गिऱ्हाईक येतं, म्हणून विंचरणं उजाडताना उरकायचं. रात्रभर ट्रकच्या फळीला घासून शेपटीचा बोळा झालेला असतो. त्यात कुसळं, कडबा, गोखरू, वाळलेलं शेण. घोडा सांभाळणारा मोतद्दार त्याच्या मागं कधीच उभा राहत नाही, बाजूला मांडीला खांदा लावून उभा राहतो. एक हात पुठ्ठ्यावर ठेवायचा, म्हणजे आपण कुठं आहोत ते जनावराला कळत राहतं. दुसऱ्या हातानं शेपटी आपल्याकडे ओढून घ्यायची. मग फणी नाही, ब्रश नाही, आधी नुसती बोटं. गाठ दिसली की ती दोन्ही बाजूंना फाकवायची, एकेक केस सुटा करायचा आणि शेंड्यापासून वर सरकत जायचं.

मला एकदा एका मोतद्दारानं शेपटी हातात दिली होती. मी हौसेनं मुळापासून बोटं घातली. "दादा, खालून घ्या," तो म्हणाला. "वरून वढलं तर गाठ खाली जाऊन घट्ट बसतीया. अन् ह्ये काय नुसतं केसं न्हाईत, आत हाड हाय." हाड आहेच. शेपटीचा वरचा भाग म्हणजे पाठीचा कणाच पुढं चालू राहिलेला, पंधरा ते एकवीस मणक्यांचा. आपण जिला शेपटी म्हणून हातात धरतो तो केसांचा झुबका त्या कातडीतून उगवतो. गाठीच्या वरचा भाग एका मुठीत पक्का धरला की ओढ मुठीतच जिरते, मुळापर्यंत पोचत नाही. एवढी एक युक्ती कळली की अर्धं काम आलं. उरलेलं अर्धं म्हणजे घाई न करणं, आणि ते शिकवता येत नाही.

घाईची किंमत घोडा मोजतो. हे केस महिन्याला जेमतेम इंचभर वाढतात. फणीच्या एका हिसक्यात मुळासकट निघालेला केस पुन्हा गुडघ्यापर्यंत यायला वर्षं जातात, आणि तोवर त्या जागी माशी बसते. आयाळ आणि शेपटी एकाच डब्यातल्या तेलानं चोपडतात खरं, पण माझ्या लेखी दोन्हींची जात वेगळी. शेपटी घोड्याची स्वतःची आहे. माशा त्यानं तिनंच हाकायच्या, राग आला तर ती फटकारायची, मोकळं सुटल्याचा आनंद झाला तर उंच उचलून धावायचं. मिरवणुकीसाठी शेपटी कातरून बारीक करणारे शौकीन मी पाहिले आहेत. त्यांना भाद्रपदात उघड्या पाठीनं गोठ्यात उभं करावं.

आयाळीचं तसं नाही. मंगोलियातल्या प्रझेवाल्स्की जातीच्या रानघोड्यांची आयाळ आखूड आणि ताठ उभी असते. फ्रान्समध्ये लास्कोच्या गुहेत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसानं रंगवलेले घोडेही तशाच उभ्या आयाळीचे. मानेवरून खाली लोळणारी, वाऱ्यावर उडणारी आयाळ दिसते ती आपल्या खुंट्याला बांधलेल्या घोड्यांची. माणसाच्या डोळ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून ती लांबवली असावी असं मला वाटतं. म्हणून माळेगावात आयाळीवर जास्त मेहनत होते. तिच्या वेण्या घालतात, त्यांत रेशमी गोंडे ओवतात, आणि नुकऱ्याच्या पांढऱ्या आयाळीवरचा पिवळा डाग जाईपर्यंत रिठ्याचं पाणी चोळतात.

पाण्याचा विषय निघाला की लातूरचा माणूस गप्प बसू शकत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्याकडे पाणी आलं होतं. त्या उन्हाळ्यात घोड्याला न्हाऊ घातलं असतं तर शेजाऱ्यांनी धोंडे मारले असते. पण दुष्काळी मुलखातल्या मोतद्दारांना कोरड्या सफाईची सवय मुळातच आहे. शिवाय ओल्या केसाची गाठ आवळते आणि भिजलेला केस ताणला की लवकर तुटतो, तेव्हा गुंता आधी कोरडाच सोडवायचा, पाणी नंतर. केसाला निसरडं करायला तेल. नाहीतर बाजारात आता फवाऱ्याच्या बाटल्या मिळतात, त्यांतल्या सिलिकॉननं बोटं भराभर सरकतात. फक्त तो फवारा पाठीवर उडू द्यायचा नाही, खोगीर घसरतं. तेलाचंही तसंच आहे. आमच्या काळ्या मातीच्या धुळीत तेलकट शेपटी दुपारपर्यंत चिखलासारखी होते. हातावर चार थेंब घेऊन नुसत्या शेंड्यांना लावायचे, मुळाला नाही. करडईचं की खोबरेल यावर माळावर तावातावानं वाद होतात. मी खोबरेलाच्या बाजूचा, पण त्यामागं शास्त्र काही नाही, वासाची सवय आहे.

गिऱ्हाईक आलं की आधी दात बघतं, मग आयाळ उचलतं. तिच्याखाली भोवरे असतात. कुठला भोवरा शुभ, कुठला धन्याला खाणारा, याचं एक अख्खं शास्त्र जाणती माणसं तोंडपाठ सांगतात. गळ्याखालचा देवमण सापडला की भाव वाढतो. माझा त्यावर विश्वास नाही, पण भोवरा शोधणारी बोटं किती हलकी चालतात ते बघायला आवडतं. शेपटीच्या बुडाशी केस घासून उडालेले दिसले, तर मात्र जाणकार शकुन-अपशकुनात पडत नाही, सरळ जंतांचं औषध कधी दिलं ते विचारतो. ही परीक्षा मला भोवऱ्यापेक्षा खरी वाटते.

बोटं मानेवरून उतरत पाठीला मिळतात त्या जागी घोडा हमखास डोळे मिटतो, खालचा ओठ सैल सोडतो. घोडे एकमेकांना नेमके तिथंच दातांनी खाजवतात. कामार्ग जातीच्या घोड्यांवर केलेला एक अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. त्यात त्या जागी माणसानं खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावलेले आढळले. मोतद्दाराला हे मोजायची गरज पडत नाही. अंगाला अंग लागलेलं असतं, त्याला श्वास कळतो.

घोड्याकडून आपण नेहमी काहीतरी मागत आलो आहोत. 1760 च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाची कोंडी केली ती सदाशिवरावभाऊंच्या फौजेनं, आणि त्याच फौजेतले कितीतरी घोडे पुढं उत्तरेला पानिपतापर्यंत गेले. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारचा, हा हिशेब बखरींतून कळतो. संध्याकाळी मुक्कामावर त्यांच्या शेपट्यांतले काटे कोण काढत होतं, त्याची नोंद नाही. पुढं टांगे आले, गेले. आता वरातीचे घोडे आहेत, डीजेच्या भिंतीपुढं नाचणारे. खरारा आणि फणीची वेळ तेवढी अशी की तिच्यात घोड्याला काहीच करायचं नसतं, फक्त उभं राहायचं.

नांदेडला ही वेळ वेगळ्या घरात बघायला मिळते. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या तबेल्यातले घोडे गुरू गोबिंदसिंगांच्या घोड्याच्या वंशातले आहेत अशी श्रद्धा आहे. गुरूंनी 1708 साली इथंच देह ठेवला. दसऱ्याला आणि होळीला हल्लाबोल निघतो, तेव्हा हे घोडे सजून पुढं चालतात आणि निळ्या-केशरी पगड्यांचा लोंढा तलवारी उपसून धावतो. सेवा करणारे शीख बांधव स्वतःचे केस कापत नाहीत, केसांत लाकडी कंगा ठेवतात. ज्याला स्वतःचे कमरेपर्यंतचे केस रोज सोडवावे लागतात, त्याला घोड्याच्या शेपटीबद्दल मी काय सांगणार? आत दरबारात कीर्तनाच्या साथीला दिलरुबा असला, तर त्याच्या गजाला ताणलेले केसही घोड्याच्या शेपटीचेच. राळ लावलेला तो केस तारेला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, आणि त्या धरसोडीतून सूर निघतो. हे कळल्यापासून मला माळेगावात मोतद्दाराच्या बोटांत गळून आलेले केस वाया गेल्यासारखे वाटतात. तो मात्र ते गोळा करून खिशात टाकतो. त्यांचा दोर वळतो म्हणे.

परवाच्या जत्रेत त्याच मोतद्दारानं सकाळभर सोडवलेली एक कुमैत घोडी दुपारी विकली गेली, औशाकडच्या एका शेतकऱ्याला. रुमालाखाली बोटं दाबून सौदा झाला, भंडारा उधळला. शेतकऱ्याचा शाळकरी पोरगा घोडीच्या मागं मागं फिरत होता, हात सारखा शेपटीकडे जात होता. मोतद्दारानं त्याचं मनगट धरलं, ओढून मानेपाशी नेलं आणि खरारा त्याच्या हातात दिला. "आठ दिस शेपटीला हात लावायचा न्हाई. हितनं सुरू कर. तिनं मान खाली घातली की मग माघं जा. अन् खरारा माझा हाय, निघताना दिऊन जायचा."