हाताला कळणारे गणित

गणित मुलाच्या हाताला आधी कळते, तोंडाला नंतर आणि पाटीला सर्वांत शेवटी. घरी शिकवण्याचा क्रमही हाच असावा.

एक ते दहा घडाघडा म्हणणारे तीन वर्षांचे मूल समोरचे पाच चिंचोके मोजू लागले की एखादा दोनदा मोजते, एखादा गाळते. अंकांची नावे त्याला आलेली असतात. एका नावाला एकच वस्तू, ही जोडी अजून जुळलेली नसते. अशा वेळी बोटाने दाखवत मोजण्यापेक्षा एकेक चिंचोका उचलून वाटीत टाकत मोजावे. वाटीत गेलेला चिंचोका पुन्हा मोजला जात नाही. जेवायच्या वेळी माणसागणिक एक ताट, एक वाटी, एक पेला मांडणे हाही हाच धडा, आणि रोज दोन वेळा मिळणारा.

मोजणी हाताला बसली की दशक. खराट्याच्या हिरांचे सारखे तुकडे करावेत आणि दहा झाले की रबर लावून त्यांची जुडी बांधावी. जुडी मुलानेच बांधली पाहिजे; आयती जुडी त्याच्या दृष्टीने फक्त एक जाडसर काडी असते. मराठी मुलाला या जुड्यांची गरज अधिक आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन आधी येतो. ‘एकोणतीस’मध्ये तर नऊ ऐकूच येत नाही. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९च्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस पाच’ असेही वाचन सुचवले, तेव्हा राज्यभर वाद झाला. पण त्या सूचनेमागची मुलांची अडचण खरी होती. दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या समोर असल्या, की मूल दोन्ही नावे निर्धास्त उच्चारते. वजाबाकीही इथेच उलगडते. बत्तिसातून सात काढायचे तर सुट्या काड्या दोनच. मग एक जुडी सोडायची, बारातून सात उचलायच्या, उरतात दोन जुड्या आणि पाच काड्या. रबर सुटताना पाहिलेल्या मुलाला दशक सुटे करणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

पुढचे शिक्षण खेळाकडे सोपवता येते. चल्लस आठ हा त्यासाठी फार गुणाचा खेळ. पाच बाय पाच घरांचा पट खडूने फरशीवर आखावा, चार चिंचोके फोडून प्रत्येकाची एकेक फोड घ्यावी. फोडीची एक बाजू पांढरी, दुसरी काळपट. जितक्या पांढऱ्या पडतील तितकी घरे. चारही काळ्या पडल्या तर आठ. सोंगटी पुढे नेताना बेरीज होतेच, पण खरी मौज दान पाहण्यात आहे. प्रत्येक दानाची खूण कागदावर करत गेले, की दोनाचे दान सारखे पडते आणि आठाचे क्वचित, हे मुलाच्याच ध्यानात येते. का, हे त्याला शोधू द्यावे. फोडींना अ, आ, इ, ई अशी नावे दिली तर नेमक्या दोन पांढऱ्या पडण्याच्या सहा रीती निघतात, एक किंवा तीन पांढऱ्यांच्या चार-चार, चारही पांढऱ्यांची एक आणि चारही काळ्यांची एक. एकूण सोळा. फोडी सारख्या नसतील तर खुणांचा हिशेब थोडा हलतो, आणि तो का हलला हाही एक चांगला प्रश्न असतो.

अंगणात याहून सुंदर गणित मांडलेले असते. ‘सात ते चार’ ठिपक्यांची रांगोळी म्हणजे मधल्या ओळीत सात ठिपके, वर आणि खाली सहा, पाच, चार. ओळींनी मोजले तर चार, पाच, सहा, सात, सहा, पाच, चार: एकूण ३७. आता मधला ठिपका धरून बाहेर यावे. त्याच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, त्यांच्याभोवती अठरा. बेरीज पुन्हा ३७. ‘अकरा ते सहा’ घातली तर आणखी २४ आणि ३० ठिपक्यांची दोन कडी चढतात आणि संख्या ९१ होते. एकच आकृती दोन वाटांनी मोजून उत्तर तेच येते, हा आनंद मुलाला लहान वयातच मिळायला हवा. सहाचा पाढा त्या कड्यांतून आपोआप वर येतो.

अपूर्णांकांना भाकरी पुरते. तिचे चार सारखे भाग केले की पाव, अर्धी, पाऊण ताटातच दिसतात. दुसरी भाकरी घेतली की सव्वा आणि दीड. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेण्याआधी ही वाटणी व्हावी. एकाच भाकरीचे अधिक तुकडे केले की प्रत्येक तुकडा लहान होतो, म्हणजे अष्टमांश चतुर्थांशापेक्षा छोटा, हे भुकेल्या मुलाला लगेच पटते.

मोठ्या मुलांसाठी पत्त्यांचा जोड घ्यावा. दश्श्या आणि चित्रे बाजूला ठेवावीत, एक्का म्हणजे एक. चार पाने ओढून त्या अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करावी, मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करावे. ३, ५, २, ४ आले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४च. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी हा शोध १९४९ साली मांडला. चारही अंक एकच नसले आणि पुढचे शून्य गाळले नाही, तर कुठलीही चार अंकी संख्या फार तर सात वजाबाक्यांत तिथे पोहोचते. चार अंक जड जाणाऱ्या मुलाने तीन पाने ओढावीत. त्याचा मुक्काम ४९५.